डाव्या काचेवरची टिकली

संज्योत गाडीत चार्जर आणायला गेली होती, एवढंच खरं.

रविवारची सकाळ होती आणि निरंजन अजून उठला नव्हता. संज्योतला मात्र रविवारची सुट्टी नसे. लोकांना डोळे तपासून घ्यायला रविवारच सापडतो, म्हणून तिचं चष्म्याचं दुकान त्या दिवशी भरलेलं असे. स्कूटर काढण्याआधी तिने नेहमीचा जामानिमा केला. अंगात सनकोट, डोक्या-तोंडाला करकचून बांधलेला स्कार्फ, त्यावर काळा गॉगल. एप्रिल अर्धा सरला की नगरमधली निम्मी बाईमंडळी अशीच घराबाहेर पडतात. गल्लीतली ओळखीची बाईसुद्धा मग चेहऱ्यावरून ओळखू येत नाही, स्कूटरच्या रंगावरून ओळखावी लागते. संज्योतचा पूर्वीचा सनकोट पांढरा होता. गेल्या उन्हाळ्यात तो दोरीवरून उडाला. निरंजननेच तसं सांगितलं होतं. तेव्हापासून हा आकाशी.

चार्जर गाडीच्या पुढच्या खणात होता. डावीकडचं दार उघडून ती सीटवर बसली तशी गाडी जागी झाली. गाडी अंगणात दक्षिणेला तोंड करून उभी होती, त्यामुळे कोवळं ऊन डाव्या काचेतून थेट आत येत होतं. लगेच काचेवर टिकली उमटली.

पण ऊन तिच्या डोळ्यांत तसंच राहिलं. टिकली वर होती, तिच्या कपाळाच्याही चार बोटं वर.

तिने गॉगल काढला, स्कार्फ हनुवटीखाली ओढला. एक-दोन क्षणांत टिकली सरकत खाली आली आणि सूर्य झाकला गेला. तिने पुन्हा गॉगल लावला, स्कार्फ वर घेतला. टिकली जरा घुटमळली आणि होती तिथे, वर जाऊन बसली.

संज्योत चार्जर हातात धरून बराच वेळ तशीच बसून राहिली.

या काचेला कंपनीने काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. लोकांनी तिला सावलीकाच म्हटलं आणि तिच्यावर उमटणाऱ्या काळ्या ठिपक्याला टिकली. त्याआधी गाडीच्या बाजूच्या काचेतून येणाऱ्या उन्हावर लोकांचे घरगुती इलाज होते. काच वर करताना तिच्यात टॉवेल अडकवायचा, वर्तमानपत्र खोचायचं, जाळीचे पडदे चिकटवायचे. समोरच्या काचेला निदान खाली ओढायची झडप असते. बाजूच्या काचेतून येणारं ऊन मात्र कानशिलावर बसतं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून आत घुसतं. काळी फिल्म लावली की चौकात पोलीस ती ब्लेडने सोलायला लावत. सावलीकाचेने हे सगळं संपवलं. दोन पातळ काचांच्या मध्ये द्रवस्फटिकांचा एक थर असतो, मोबाइलच्या पडद्यात असतो तसाच. त्या थराचे मोहरीएवढे चौकोन पाडलेले असतात. ज्या चौकोनाला वीज मिळेल तेवढाच काळा होतो, बाकीची काच स्वच्छ राहते. आरशापाशी एक बारीक कॅमेरा माणसाचे डोळे शोधतो, टपावरचा दुसरा कॅमेरा सूर्य शोधतो. सूर्यापासून डोळ्यापर्यंत सरळ रेघ काढली तर ती काचेला एकाच जागी छेदते. काळी करायची ती तेवढीच जागा, रुपयाच्या नाण्याएवढी. मान हलली की टिकली हलते, गाडी वळली की टिकली वळते. बसणाऱ्याला चार दिवसांनी तिचं भानही राहत नाही.

हे सगळं संज्योतला तोंडपाठ होतं, कारण निरंजन त्याच कंपनीच्या चाचणी विभागात होता आणि तीन वर्षं त्यांच्या घरात जेवताना दुसरा विषय निघाला नव्हता. कॅमेऱ्याला डोळे सापडले नाहीत तर काच काय करते, तेही त्यानेच सांगितलं होतं. अशा वेळी ती आठवणीवर चालते. धावत्या गाडीत त्या सीटवर जो माणूस रोज बसतो त्याच्या डोळ्यांची जागा ती ध्यानात ठेवते आणि त्याच्यासाठी टिकली लावते. सहज कधी बसलेल्या माणसाला ती लक्षात ठेवत नाही. तिला सवय लागावी लागते, आणि तीसुद्धा ऊन त्या काचेवर पडत असेल तरच.

घरच्या गाडीच्या डाव्या सीटवर बसायचा हक्क एकट्या संज्योतचा. आणि गेला महिनाभर ती या गाडीत बसलीच नव्हती. कधी निरंजनची पाठ दुखत होती, कधी त्याला काम होतं, कधी रिक्षाच बरी वाटत होती.

काचेला सवय लागली होती ती दुसऱ्याच कुणाच्या तरी डोळ्यांची. तिच्याहून उंच असलेल्या कुणाच्या तरी.

*

"गाडीत हल्ली कुणी बसतं का रे तुझ्याबरोबर?" दुपारी जेवताना तिने विचारलं. आमटी वाढता वाढता विचारलं, म्हणजे वर बघावं लागलं नाही.

"कुणी नाही." आणि मग, घास गिळल्यावर, "शिरसाट बसतो कधी कधी. का गं?"

"सीट मागे सरकवलेली दिसली."

"मग शिरसाटच असेल. त्याचे पाय लांब आहेत."

"शिरसाट तर प्लांटच्याच कॉलनीत राहतो ना?"

"येताना असतो. बाजारात काही काम असलं की." निरंजनने ताटातली कोशिंबीर चमच्याने एका बाजूला केली, पुन्हा दुसऱ्या बाजूला केली. "तू काय गाडीची तपासणी करतेस की काय?"

"तपासणी माझा धंदाच आहे."

तो हसला. ती हसली नाही, हे त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

उत्तर तिने दुपारभर, लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलताना, मनात उलटसुलट करून पाहिलं. प्लांट राहुरीच्या बाजूला, म्हणजे नगरच्या उत्तरेला. सकाळी उत्तरेकडे जाताना सूर्य उजवीकडे असतो. संध्याकाळी दक्षिणेकडे परतताना सूर्य पश्चिमेला गेलेला असतो आणि गाडीचं तोंडही फिरलेलं असतं, म्हणून तो पुन्हा उजवीकडेच येतो. निरंजन नोकरीला लागला तेव्हापासून कुरकुरत आला होता की जाताना-येताना माझाच कान भाजतो. म्हणजे रोजच्या त्या रस्त्यावर डाव्या काचेवर ऊन पडतच नाही. शिरसाट जन्मभर बसला तरी डाव्या काचेला त्याच्या डोळ्यांची सवय लागायची नाही.

डाव्या काचेवर सकाळचं ऊन यायचं तर गाडी दक्षिणेकडे जायला हवी. सोलापूर रस्त्याने. आणि रोज.

निरंजन खोटं बोलतो हे तिला नवीन नव्हतं. साड्यांच्या बाबतीत आणि तिच्या भावाच्या बाबतीत तो नेहमीच बोलायचा. पण ते सगळं खोटं लगेच पकडता येण्यासारखं असे, आणि पकडलं की तो खूश होई. हे तसं नव्हतं.

संध्याकाळी तो मित्राकडे गेला, पायी. तेही आत्ता तिच्या ध्यानात आलं. हल्ली तो सगळीकडे पायीच जात होता. तिने दुकानातून भिंगाचा मध्य आखायची पांढरी पेन्सिल आणली होती. आता ऊन उजव्या काचेवर होतं. गॉगल-स्कार्फ बांधून ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

टिकलीची सावली तिच्या हनुवटीवर पडली.

तिने पुन्हा करून पाहिलं. मग डोकं बाजूला घेऊन रिकाम्या जागी तळहात धरला, तेव्हा ती लहानशी लांबट सावली तळहातावर आली. हात पुढे-मागे केला तरी सावली त्याच रेघेवर राहिली. जिथे कुणाचेच डोळे नव्हते तिथे कुणाच्या तरी डोळ्यांना काच सांभाळत होती. या सीटवर निरंजनचे डोळे असायला हवेत, म्हणजे तिच्या कपाळाच्या वर. हे डोळे त्याचे नव्हते. गाडी चालवणारं माणूस तिच्याहूनही बुटकं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, निरंजन आंघोळीला गेल्यावर, तिने डाव्या सीटवर तेच केलं आणि टिकलीभोवती काचेवर पेन्सिलीने एक कडं काढलं. सावली जिथे पडली ती उंची तिने सीटपासून वितीने मोजली. मग घरात येऊन जेवणाच्या टेबलाशी, निरंजन रोज बसतो त्या खुर्चीवर, तेवढीच उंची मोजली. तो जेवायला बसला की त्याचे डोळे मागच्या स्विचबोर्डाच्या वरच्या कडेला येतात. विती तिथेच संपल्या.

डाव्या सीटवर कुणी परकं बसत नव्हतं. डाव्या सीटवर निरंजन बसत होता.

हे कळल्यावर जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तसं झालं नाही. आपला नवरा रोज सकाळी दक्षिणेकडे जातो, कुणीतरी त्याला नेतं, आणि तो शेजारी बसून जातो. बुटकी माणसं तिला किती माहीत होती? त्याच्या विभागातली केतकी वाघ बुटकी होती. हसताना समोरच्याच्या दंडाला हात लावायची तिला सवय होती.

*

मंगळवारी तिने दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. निरंजन सकाळी लवकर निघाला. तो फाटकाबाहेर पडल्यावर तिने स्कूटर काढली. आकाशी कोट, स्कार्फ, गॉगल. चार गाड्या मागे राहिलं तर आरशात पाहूनही तो तिला ओळखणार नव्हता.

निरंजन गाडी विलक्षण हळू चालवत होता. मागचे लोक हॉर्न मारून पुढे जात होते. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी तो थांबे, आणि उजवीकडची काच खाली करून, डोकं बाहेर काढून बघे. संज्योतला हसू यावं असं ते दृश्य होतं, पण ती अंतर राखून मागे जात राहिली. दोन चौक ओलांडून गाडी वळली ती तिच्या अगदी ओळखीच्या गल्लीत. पिवळ्या फाटकाशी थांबली.

फाटक उघडून आई बाहेर आली. तिची स्वतःची आई. हातात डब्याची पिशवी, पायात चालायचे बूट. निरंजन उतरून डावीकडे जाऊन बसला आणि आई ड्रायव्हरच्या सीटवर चढली. चढली म्हणजे खरोखरच चढली, कारण ती जेमतेम पावणेपाच फूट होती. आरोग्य खात्यात असताना तिने सरकारी जीपने सगळा तालुका पालथा घातला होता. गेला महिनाभर सकाळी फोन केला तर ती उचलत नव्हती. फिरायला जाते म्हणाली होती.

संज्योतने स्कूटर गाडीला आडवी लावली आणि गॉगल काढला.

आईने ब्रेकवरचा पाय काढला नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "बाजूला घे. रस्त्यात स्कूटर कुणी लावतं का अशी?"

"आई, तू काय करतेयस?"

"गाडी चालवतेय. दिसत नाही? चष्मे विकतेस ना लोकांना?"

निरंजन खाली उतरला होता. त्याचा चेहरा तिने इतका पांढरा कधी पाहिला नव्हता. "संज्योत, मी सांगणार होतो."

"सांग मग."

"इथे नको, घरात चला," आई म्हणाली. "समोरची पाटणकरीण गॅलरीत आली आहे. तिला फुकट तमाशा कशाला?"

घरात कुणी बसलं नाही. निरंजन भिंतीला टेकून उभा राहून बोलला. महिन्यापूर्वी राहुरी रस्त्यावर, कालव्याच्या भरावावरून एक लहान रस्ता उतरतो त्या फाट्याशी, त्याच्या गाडीने एका बाईला उडवलं होतं. त्याला उजवीकडे वळायचं होतं. उजवीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता, वळला. स्कूटर गाडीच्या दारावरच आदळली. बाई शाळेत शिक्षिका, वैजयंता थोरे. मांडीचं हाड तीन जागी मोडलं. ऑपरेशन झाल्यावर तिला माहेरी नेलं, मिरजगावच्या अलीकडे. तो रोज सकाळी तिथे जाऊन मग उशिरा प्लांटला पोहोचत होता.

"आणि मला सांगितलंस की दुभाजकाला घासली."

"हो."

"आईला सांगितलंस."

"मला कुणी नाही सांगितलं," आई म्हणाली. "पहिल्या दिवशी हे माझ्या दारात गाडी लावून स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसले होते. मी म्हटलं, निरंजनराव, सरका. तेव्हापासून सरकलेच आहेत. नंतर प्लांटला सोडते-आणते तीही मीच."

"आणि तू मला एका शब्दाने..."

"शब्द घेतलाय त्यांनी. मोडला असता तर तू म्हणाली असतीस, आईच्या पोटात काही राहत नाही." आईने डब्याची पिशवी टेबलावर ठेवली. "ती पोर काय म्हणते सांगू? ती म्हणते, ताई, साहेब माझ्याकडेच बघत होते, मान वळवून. मला वाटलं, बघितलं मला. म्हणून मी थांबले नाही."



"पोलिसांत काय लिहिलंय?" संज्योतने विचारलं.

"चालकाचं दुर्लक्ष. उद्या कंपनीची चौकशी आहे. तिथेही तेच लिहून द्यायचं. माझी नजर चुकली म्हणून." निरंजन तिच्याकडे बघत नव्हता. "जूनपासून शाळांच्या बसना हीच काच लागणार आहे. त्याआधी त्यांना हे मिटवायचंय."

"चुकली का नजर?"

"मला माहीत नाही. खरंच नाही. मी बघितलं होतं, संज्योत. रस्ता रिकामा होता."

"मग डोळे तपासून घ्यायचे. तुझी बायको दिवसभर दुसरं काय करते?"

"म्हणूनच नाही आलो. तू तपासलं असतंस तर खरं सांगितलं असतंस." तो थांबला. "डोळ्यांत दोष निघाला असता तर एक वेळ बरं. नसता निघाला, तर मग काच उरली. चाळीस हजार गाड्यांना ती लागलेली आहे."

संज्योतने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, त्यातल्या बारीक तिथ्या त्याला वाचायला लावल्या, आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. मग समोर उभी राहून दोन्ही हातांची बोटं त्याच्या कानांच्या मागून हळूहळू पुढे आणली आणि कधी दिसतात ते विचारलं. कडेची नजर शाबूत होती, अगदी टोकापर्यंत. दुकानातल्या यंत्रावरही वेगळं काही निघणार नव्हतं.

"डोळे चांगले आहेत," ती म्हणाली.

त्याने ते वाक्य शिक्षा ऐकावी तसं ऐकलं.

"ऊन चढायच्या आत तिथे जाऊ," संज्योत म्हणाली. "जिथे झालं तिथे."

*

फाट्यावर फारशी वर्दळ नव्हती. कालव्याचा भराव उजवीकडे दोन पुरुष उंच होता आणि त्यावरून डांबराची एक पट्टी हायवेकडे उतरत होती. सूर्य भरावाच्या जरा वर आलेला. समोर कुठेतरी जेसीबी चालत होता, हवेत धुरळा होता, आणि सगळी पूर्व दिशा पिठूळ पांढरी झाली होती.

आईने गाडी कडेला उत्तरेकडे तोंड करून लावली आणि इंजिन सुरूच ठेवलं. निरंजन ड्रायव्हरच्या सीटवर बसला. त्याने हात मांडीवर ठेवले. संज्योत आकाशी कोट, स्कार्फ आणि गॉगल घालून भरावावर चढली आणि सूर्याकडे पाठ करून खाली उतरू लागली.

उजव्या काचेवर तिला टिकली दिसत होती. नाण्याएवढी, निरंजनच्या डोळ्याच्या जरा वर. तिच्याखाली त्याचा चेहरा स्पष्ट होता.

"दिसतेस," तो आतून ओरडला. "पूर्ण दिसतेस."

त्याने डोळे मिटून घेतले. काच निर्दोष ठरली होती, आणि डोळेही. मग उरला तो स्वतः. तिला त्याची दया आली, आणि त्याच क्षणी काहीतरी खटकलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. आकाशी कोटातली बाई दिसणार, हे त्याला जणू आधीच ठाऊक होतं.

"अहो, पण ती पोर पांढऱ्या कोटात होती ना?" आई गाडीच्या मागून म्हणाली. "तुमच्या डिकीत आहे की एक. त्या दिवशी डबा ठेवताना पाहिला मी."

"आई, राहू द्या तो," निरंजन म्हणाला.

पण आईने डिकी उघडली होती. प्लास्टिकच्या पिशवीतून कोट काढून तिने तो झटकला आणि भरावाच्या पायथ्याशी आणून दिला.

पातळ सुती कोट, धुऊन धुऊन मऊ झालेला. पाच बटणं पांढरी, खालून दुसरं निळं. ते निळं बटण संज्योतने निरंजनच्या जुन्या शर्टाचं काढून लावलं होतं. पांढरं मिळालं नव्हतं, आणि उन्हात कोण बघतंय असं ती म्हणाली होती.

तिने आकाशी कोट काढून आईकडे दिला, पांढरा घातला, सगळी बटणं लावली आणि पुन्हा भरावावर चढली.

टपावरचा कॅमेरा नुसता सूर्य बघत नाही. हवेत धुरळा असला की सूर्याभोवतीची झळाळी पसरते आणि एवढ्याशा टिकलीने भागत नाही. म्हणून सूर्याला लागून जे जे डोळे दिपवण्याइतकं लख्ख असेल ते सगळं तो सूर्यातच धरतो आणि टिकली तेवढी वाढवतो. मध्ये माणूस आला तर टिकली आखडती घ्यायची, असंही त्याला शिकवलेलं असतं. माणूस तो ओळखतो चेहऱ्यावरून, हाता-पायांच्या हालचालीवरून, हेल्मेटच्या गोलाईवरून. आणि उन्हाकडे पाठ केलेला पातळ पांढरा कोट कंदिलाच्या काचेसारखा आतून उजळतो. वर स्कार्फ, गॉगल, बोटांपर्यंत आलेल्या बाह्या. चेहरा नाही, हात नाहीत. उरतो तो उजेडाचा एक डाग, सूर्याला चिकटलेला.

संज्योत उतरू लागली. दोन पावलांवर टिकली थरथरली. मग ती खाली ओघळली, पसरली, बशीएवढी झाली, ताटाएवढी झाली. निरंजनचे डोळे गेले, नाक गेलं, चेहरा गेला. ती चालत राहिली. काळं वर्तुळ तिच्याबरोबर सरकत होतं, तिच्यावर रोखलेलं. तिच्या नवऱ्याच्या आणि तिच्यामध्ये ते असं नेमकं धरलेलं होतं, की आत तो कुठे बघतो आहे हे तिला कळायला काहीच मार्ग नव्हता. वैजयंता थोरेला वाटलं होतं, साहेब माझ्याकडेच बघत आहेत.

काचेपाशी येऊन तिने बोटाच्या पेराने टकटक केलं. आतला माणूस दचकलेला तिला जाणवला, दिसला नाही.

काच खाली आली.

"नाही दिसलीस," निरंजन म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "अजिबात नाही. कडेचं शेत दिसत होतं, रस्त्याचं टोक दिसत होतं. तू नव्हतीस."

"हा कोट माझा आहे."

त्याची नजर निळ्या बटणावर गेली.

"वाऱ्याने उडाला म्हणालास."

"संज्योत..."

"कधी नेलास?"

"गेल्या मे महिन्यात." त्याचा आवाज इतका खाली गेला की आईला पुढे वाकावं लागलं. "आमच्याकडे चाचणीला होते ते पुतळे सगळे हेल्मेटवाले. गडद कपड्यांतले. मला एकदा सहज वाटलं, तुझ्यासारखं कुणी आलं तर. म्हणून नेला."

"आणि?"

"तीनदा केलं. तिन्ही वेळा पुतळा टिकलीआड गेला."

"मग कुणाला सांगितलंस?"

"साहेबांना सांगितलं. तोंडी. ते म्हणाले, असा कोट घालणाऱ्या बायका देशात किती? पुढच्या सुधारणेत बघू." त्याने ओठांवरून हात फिरवला. "मग काच बाजारात गेली, आणि मी... मी तुला आकाशी कोट आणून दिला."

संज्योतला तो दिवस आठवला. वाढदिवस नव्हता, सण नव्हता, आणि तरी तो कोट घेऊन आला होता. रंगही त्यानेच निवडला होता. ती केवढी खूश झाली होती. बायकोपुरती सोय करून ठेवणाऱ्या माणसाबरोबर ती वर्षभर जेवत होती, हसत होती. आणि सकाळपासून, दाराशी, भिंतीशी, गाडीत, मला माहीत नाही, खरंच नाही, असं तो म्हणत आला होता.

"निरंजनराव," आई म्हणाली. तिने आकाशी कोटाची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"माझीच नजर चुकली असेल असं मी धरून चाललो होतो," निरंजन म्हणाला. "रोज. तसं धरल्याशिवाय उठवत नव्हतं सकाळी."

"सरक," संज्योत म्हणाली.

तो डाव्या सीटवर गेला. आई मागे बसली. संज्योतने पांढरा कोट अंगात तसाच ठेवला आणि गाडी वळवली.

"कुठे?" त्याने विचारलं.

"आधी वैजयंताबाईंकडे. हा कोट घालून मी त्यांच्यासमोर उभी राहणार, आणि त्यांना तू सांगायचंस. आत्ता मला सांगितलंस तसं सगळं, मे महिन्यापासून. उद्या चौकशीत तेच, आणि लेखी. तू नाही लिहिलंस तर मी लिहीन. निळ्या बटणासकट."

त्याने मान हलवली. ती होकारार्थी होती की नुसतीच हलली, हे तिला कळलं नाही. काल-परवापर्यंत तिला त्याची मान कळत असे.

नगर ओलांडून गाडी सोलापूर रस्त्याला लागली तसं ऊन डावीकडून आलं. डाव्या काचेवर टिकली उमटली, सवयीने, त्याच्या डोळ्यांसाठी, तिने पेन्सिलीने काढलेल्या कड्याच्या जरा वर. सूर्य कालच्यापेक्षा वर आला होता म्हणून तेवढा फरक. त्या लहानशा सावलीत निरंजनचा चेहरा शांत दिसत होता, झोपलेल्या माणसासारखा.

संज्योतने आपल्या दारावरची बटणं चाचपडली आणि चारही काचा खाली केल्या. टिकली आणि पेन्सिलीचं कडं दोन्ही दारात उतरून नाहीसं झालं. ऊन त्याच्या तोंडावर आलं. त्याने हात वर करून डोळ्यांवर धरला, मग तिच्याकडे पाहिलं, काच वर करणार का म्हणून.

तिने नजर रस्त्यावरून काढली नाही. थोड्या वेळाने त्याने हात खाली घेतला.